सम सालांच्या वह्या

जुन्या कागदांच्या मागे दारोदार फिरणाऱ्या माणसाला लोक रद्दीसाहेब नाही म्हणणार तर काय म्हणणार? दप्तरखान्याच्या हजेरीपटावर त्यांचा हुद्दा चांगला दीड ओळीचा होता, पण तो वाचायची तसदी कोणी घेतली नाही. ते गल्लीत शिरले की एखादी बाई खिडकीतूनच आत हाक घालायची, "अगं, रद्दीसाहेब आलेत, माळ्यावरचं गाठोडं काढ!" आणि ते हसत हसत पायरीवर टेकायचे. रद्दीवाला वजन करतो, मी वाचतो, एवढाच काय तो फरक, असं ते स्वतःच सांगायचे.

घराघरांत पडून असलेल्या जुन्या वह्या, पत्रं, करारमदार, हिशेबाच्या चोपड्या असं सगळं गोळा करायचं, झटकायचं, नोंदवायचं आणि दप्तरखान्याच्या थंड खोल्यांत नीट जपून ठेवायचं, हे त्यांचं काम. बत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं. एका शिंप्याच्या घरातून तीन पिढ्यांची मापं लिहिलेल्या वह्या आणल्या. अर्ध्या शहराच्या आजोबांच्या कमरा त्यात होत्या. एका म्हाताऱ्या बाईंनी फडताळातल्या बरण्यांखाली सासऱ्यांच्या चोपडीची पानं अंथरली होती. तिथे रद्दीसाहेब नव्या कोऱ्या कागदाचं भेंडोळं घेऊन गेले, एकेक बरणी उचलून पान बदललं आणि वर बाईंच्या हातचा चहा पिऊन आले.

पण त्यांची खरी हातोटी दुसऱ्याच गोष्टीत होती. कागद देताना घरच्यांचा हात अडखळतो तो एखाद्या पानापाशी. कोणाची आत्या कोणाबरोबर निघून गेली, कोण कुठे खोटं बोललं, कोणाला घराबाहेर काढलं. एकदा एक मास्तरीणबाई हातात कात्री घेऊनच बसल्या होत्या. रद्दीसाहेबांनी शांतपणे कात्री आपल्याकडे ओढली.

"ताई, कापलेल्या पानाकडे माणसाचं लक्ष आधी जातं. त्यापेक्षा अट घाला. ठेवपत्रावर लिहा, अमुक इतकी वर्षं कोणी उघडायचं नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही. मी धरून."

"तुम्ही तिथलेच. तुम्हाला कोण अडवणार?"

"तुमची सही अडवेल," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंनी पान राहू दिलं. अशी कितीतरी घरं रद्दीसाहेबांच्या शब्दावर विसंबून होती आणि त्यांनी त्या शब्दाला कधी बट्टा लागू दिला नव्हता.

आता ज्या माणसाने शंभर घरांचे कागद जपले, त्याच्या स्वतःच्या घरच्या कागदांचं काय, हे कोणी विचारलं तर ते विषय बदलायचे. कारण ते कागद अर्धेच त्यांच्याकडे होते.

त्यांचे बाबा दोर वळायचे. नदीकाठाला लागून त्यांची लांबलचक शेड होती, एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला नीट ऐकू जाऊ नये एवढी लांब. तागाचे पेड एका टोकाला फिरत्या आकड्यांना अडकवायचे आणि पीळ देत देत उलटं चालत दुसऱ्या टोकाला जायचं. जेवढी शेड लांब तेवढा दोर लांब. बाबा दिवसभर असे मागे मागे चालायचे. संध्याकाळी हात धुऊन रोजकीर्द लिहायला बसायचे. किती ताग आला, किती वाव (एक वाव म्हणजे पसरलेले दोन हात) दोर गेला, कोण कामाला आलं, कोण नाही. आणि हिशेब संपला की खाली मोकळ्या जागेत एखादी ओळ घरची. "धाकट्याचा दात पडला." "आज वारा फार, पेड ओले राहिले." "हिने नवा परकर शिवला, विचारले तर सांगते जुनाच आहे." बेचाळीस वर्षांच्या बेचाळीस वह्या. तोंडाने मोजकं बोलणारा माणूस, पण त्या ओळींत तो सापडायचा.

बाबा गेले तेव्हा रद्दीसाहेब अठ्ठावीस वर्षांचे होते आणि थोरला भाऊ, म्हणजे दादा, चौतीसचे. बाजारात नायलॉनचे दोर आले होते. रद्दीसाहेबांचं म्हणणं होतं शेड विकून टाकू. दादांना शेड चालवायची होती. शब्दाने शब्द वाढला. मधे पडलेल्या चुलत काकांनी शेवटी शेडच्या बरोबर मध्यावर खडूची रेघ ओढली आणि त्या रेघेवर भिंत उभी राहिली. निम्म्या लांबीच्या शेडमध्ये निम्म्या लांबीचा दोर निघतो. दादा बादल्यांच्या दोऱ्या वळत राहिले. रद्दीसाहेबांनी आपला अर्धा भाग मोटारदुरुस्तीवाल्याला भाड्याने दिला. दादांनी एकच वाक्य ऐकवलं, "तू बाबांच्या शेडचे दोन तुकडे केलेस," आणि बोलणं टाकलं.

वह्यांची वाटणीही त्याच दिवशी झाली. काका म्हणाले होते, पहिल्या एकवीस एकाला, पुढच्या एकवीस दुसऱ्याला. पण दादा अडून बसले.

"सम सालं माझी, विषम सालं त्याची."

"अरे, हा काय पोरखेळ?" काका हसले.

"माझं एवढं ऐका. बाकी भिंत कुठेही घाला."

रद्दीसाहेबांना तो निव्वळ आडमुठेपणा वाटला. एक साल आड एक साल, म्हणजे गोष्ट धड कोणालाच कळू नये. चिडून त्यांनी होकार दिला आणि घरी येऊन वह्या लावल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आई गेली ते साल सम होतं.

तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आईला धाप लागायला लागली तसं त्यांना मावशीकडे पाठवलं. मावशीचं गाव बसने अर्ध्या दिवसावर. चार महिने ते तिथे राहिले. मग एका सकाळी दादा त्यांना न्यायला आला. पंधरा वर्षांचा दादा बसमध्ये एक शब्द बोलला नाही, फक्त त्यांचा हात मनगटापाशी घट्ट धरून बसला. दिवेलागणीला घरी पोचले तेव्हा आई दुपारीच गेली होती. त्या चार महिन्यांत घरात काय झालं, आई काय म्हणायची, तिने आपल्याला बोलावलं की नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मोठ्या माणसांना विचारलं तर ती कामाला लागायची. बाबा त्या विषयावर कायमचे गप्प झाले, आणि घर त्यांच्यामागोमाग.

रद्दीसाहेबांकडच्या वह्यांत आदल्या सालची शेवटची नोंद अशी होती: "सत्तर वाव दोर गेला. हिला जिना चढताना दम लागतो. डॉक्टरला दाखवू." बस. वही संपली. त्यानंतरची वही सुरू व्हायची ती थेट आई नसलेल्या घरात: "धाकटा आज शाळेत गेला. डबा विसरला." ते शेवटचं पान त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं की "दाखवू"तला ऊकार कुठे फाटलाय तेही त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. दुसऱ्यांच्या घरी वह्या आणायला गेले आणि सलग सालं हातात आली की त्यांना उगाच हेवा वाटायचा. कधीतरी बायको म्हणायची, "जा ना, माग दादांकडे. भाऊच आहे." ते म्हणायचे, "बघू." बघता बघता केस पांढरे व्हायला लागले.

ते बेचाळीस वर्षांचे असताना एकदा तीन दिवस बाहेरगावी कागद आणायला गेले होते. परत आले तर नोंदणीच्या बाई वही पुढे करून म्हणाल्या, "काल एक ठेव आली. दोरखंडाच्या कारखान्याच्या एकवीस रोजकिर्दी. आडनाव तुमचंच आहे. तुमचे कोणी?"

नोंदणीच्या बाई म्हणजे दप्तरखान्यातलं बारीक अक्षर आणि त्याहून बारीक नजर. रद्दीसाहेबांनी नोंद वाचली. एकवीस वह्या, सम सालं. मुदत तीस वर्षं. आणि अटीच्या रकान्यात दादांच्या जाड, तिरक्या अक्षरात लिहिलेलं: "मुदतीपर्यंत कोणीही उघडू नये. घरच्यांनीही नाही."

"आमचेच," ते म्हणाले. "माझे थोरले भाऊ."

नव्या ठेवी फडताळात लावायचं काम रद्दीसाहेबांचंच होतं. त्यांनी तो खोका दोन्ही हातांनी उचलला, तिसऱ्या खोलीत नेला, खालून दुसऱ्या फळीवर ठेवला आणि चिठ्ठी चिकटवली. खोका बराच जड होता. तो ठेवल्यावरही त्यांचे हात काही वेळ तसेच पुढे राहिले.

त्यानंतर चौदा वर्षं खोका तिथे होता आणि किल्ली त्यांच्या खिशात. दिवसातून चार वेळा ते त्या फळीजवळून जायचे. वर्षातून दोनदा कसर लागलीय का बघायला सगळ्या खोक्यांवरून हात फिरवायचा असायचा, तेव्हा या खोक्यावरूनही फिरवायचे, बाहेरून. रागही यायचा. आपल्याच अंगणात आणून टाकायचं आणि वर आपल्यालाच बंदी! हे मुद्दाम हिणवणं नाही तर काय? मग राग उतरला की वाटायचं, आई या पेटीत आहे. चार महिन्यांची आई, आपण न बघितलेली. हात लांबवला की हाताशी.

मुदत संपेल तेव्हा आपण बहात्तर वर्षांचे असू, हे गणित त्यांनी पहिल्याच दिवशी केलं होतं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा नळ सुट्टीच्या दोन दिवसांत फुटला आणि पाणी झिरपत झिरपत नेमकं तिसऱ्या खोलीच्या कोपऱ्यात उतरलं. सोमवारी सकाळी कुलूप काढलं तर जमिनीवर थारोळं. अकरा खोके भिजले होते. त्यांतला एक सम सालांचा.

भिजलेला कागद थांबत नाही. दुपार व्हायच्या आत पानं सुटी करून मधे टिपकागद घालावे लागतात, नाहीतर वहीची वीट होते. रद्दीसाहेबांनी बाह्या वर केल्या आणि दहा खोके भराभर उघडले. अकराव्यापाशी येऊन थांबले. खोक्याच्या तळातून पाणी ठिबकत होतं.

"अहो, उघडा ना," नोंदणीच्या बाई म्हणाल्या. "यात अटीबिटी काय बघायच्या? वाचवायचं म्हणजे उघडायलाच हवं."

"उघडायला हवंच. तुम्ही उघडा."

"मी?"

"अट सगळ्यांनाच आहे, बाई. तुम्हीही न वाचता करायचं, पण तुम्ही करू शकता. माझ्याच्यानं न वाचता होणार नाही." एवढं बोलून ते बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात एक मोडकी खुर्ची होती, तिच्यावर बसले. आतून पानं सुटल्याचा आवाज येत होता. ओल्या कागदाचा असा एक जड, चिकट आवाज असतो. आत्ता कोणतं साल असेल? शाई पसरली असेल का? पसरली असली तर मग मुदत संपल्यावर तरी काय वाचणार? दोनदा ते उठून दाराच्या कडीला हात लावून परत येऊन बसले. सव्वा दोन तास.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. त्यांनी ते साडीलाच पुसले, जे त्या कधी करत नसत.

"चारच वह्या भिजल्यात. शाई टिकलीय. चांगली काजळी शाई आहे तुमच्या बाबांची."

"उपकार झाले."

बाई गेल्या नाहीत. जरा वेळाने म्हणाल्या, "साहेब, मी वाचलं नाही. पण पान सुटं करताना डोळे काही बांधता येत नाहीत. भावाला भेटा एकदा."

"काय आहे त्यात?"

"ते मी सांगायचं नाही आणि तुम्ही विचारायचं नाही. तुम्हीच शिकवलंत मला. भेटा, एवढंच म्हणते. उगाच दिवस घालवू नका."

त्याच संध्याकाळी रद्दीसाहेब दादांच्या घरी गेले. शेड सोडून दादा केव्हाच दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत राहायला गेले होते, चांभाराच्या दुकानावर. अठ्ठावीस वर्षांत रद्दीसाहेबांनी तो जिना चढला नव्हता. दार वहिनींनी उघडलं. त्यांनी आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि पदर तोंडाला लावला. मग आत वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, धाकटे भावोजी आलेत."

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. हातात दोरीचा एक तुकडा होता, तो ते उलगडत होते आणि परत वळत होते.

"बस," ते म्हणाले. जणू धाकटा भाऊ काल येऊन गेला होता.

रद्दीसाहेब बसले. आधी कामाचंच बोलले. "दप्तरखान्यात पाणी शिरलं. तुझ्या वह्या भिजल्या. म्हणजे चारच. वाळताहेत. तुला कळवायला हवं होतं."

दोरीवरचे हात थांबले. "उघडल्या?"

"उघडाव्या लागल्या. नोंदणीच्या बाईंनी केलं सगळं. मी बाहेर बसलो होतो."

"तू नाही बघितलंस?"

"नाही."

"खोका तुझ्याकडेच होता. चौदा वर्षं."

"हो."

"किल्ली?"

रद्दीसाहेबांनी खिशातला जुडगा काढून वाजवला. आंधळ्या माणसाला दाखवणार कसं?

खाली चांभाराची हातोडी चालू होती. मग दादांनी मान खाली घातली आणि बोलायला लागले, धाकट्या भावाशी नव्हे, दोरीशी बोलल्यासारखे.

"तुला आणायला बाबांनी मला आई गेली त्याच्या आदल्याच दिवशी सकाळी पाठवलं होतं. आई सारखी तुझं नाव घेत होती. सकाळची गाडी पकडून दुपारी पोचायचं, तुला घेऊन रात्री परत. वाटेत गाडी नदीपाशी थांबली. तिथे पुलाचं काम चाललं होतं, आठवतं तुला? लोखंडी तुळई वर चढवत होते. आणि दोर आपला होता, रे. आपल्या शेडमधला. त्याच महिन्यात बाबांनी वळून दिलेला. मला बघायचं होतं, पेलतो का. मी उतरलो. म्हटलं पाच मिनिटं. तुळई चढायला चार तास लागले. मावशीकडची शेवटची गाडी गेली. मी स्टँडवरच झोपलो. दुसऱ्या दिवशी तुझ्यापाशी पोचलो, आणि आपण घरी येईपर्यंत..."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत असावं.

"एक दिवस, धाकट्या. मी तुझा एक दिवस खाल्ला. आईचा पण. बाबांना मी गाडी चुकली एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वहीत लिहीत बसले. लिहिता लिहिता त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वही मिटली. त्यानंतर कोणी मला त्यावरून एक शब्द बोललं नाही. ना बाबा, ना काका, ना मावशी. कोणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पण सगळे मिठाची गुळणी धरून बसले. तेव्हाच मी समजलो, बाबांनी कायमचं लिहून ठेवलंय."

"काय लिहिलंय?"

"मला काय ठाऊक? मी उघडलीच नाही ती वही. तू वाचू नयेस म्हणून सम सालं मागून घेतली आणि मलाही ती वाचायचा धीर झाला नाही. शेड सोडताना बंबापर्यंत नेली होती सगळी चळत. बाबांचं अक्षर जाळवेना. मग म्हटलं, धाकटा आहे तिथे ठेवू. तो अट मोडणार नाही. तेवढी खात्री होती तुझी."

अठ्ठावीस वर्षं ज्याला आडमुठेपणा समजून मनात धुमसत होते, तो हा होता. त्यांनी रागाची वाट बघितली. आला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त स्टँडवरच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन झोपलेला पंधरा वर्षांचा मुलगा आला.

"पेलली का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुळई. आपल्या दोराने."

दादांचा चेहरा हलला. "पेलली," ते म्हणाले. "एक पेड उसवला नाही."

पुढच्या बुधवारी दोघे भाऊ रिक्षाने दप्तरखान्यात आले. अट रद्द करण्याच्या अर्जावर दादांनी सही केली. कागद कुठे आहे ते दिसेना, तेव्हा नोंदणीच्या बाईंनी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. रद्दीसाहेबांनी रीतसर वाचकाची चिठ्ठी भरली, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि वाचनकक्षात टेबलाच्या वाचकांच्या बाजूला जाऊन बसले. बाईंनी वही आणून पुढे ठेवली. पाण्याने कडा लहरी झाल्या होत्या.

"सुरुवातीपासून वाच," दादा म्हणाले. "एकदम तिथे नको."

त्यांनी सुरुवातीपासून वाचलं. ताग, वाव, गडी. आणि खाली एकेक ओळ. "हिला आज बरे. उन्हात बसली." "धाकट्याला पाठवले. बस निघाल्यावर ही आत जाऊन पडली." "धाकट्याचे पत्र आले, तीन चुका. हिने दोनदा वाचून घेतले." "विचारते, आणायचे का. डॉक्टर म्हणतात मुलाला लागण होईल." "आज पुन्हा विचारले." "धाकट्याचा सदरा उशाशी घेते." रद्दीसाहेब थांबत, चष्मा काढत, परत वाचत. आपण नको झालो होतो म्हणून पाठवलं, असं सत्तेचाळीस वर्षं मनाच्या तळाशी कुठेतरी बसलेलं होतं. इतकं खोल की त्यांनी ते बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग ते पान आलं. दादांनी टेबलाची कड धरली.

"वाच."

रद्दीसाहेबांनी वाचलं, हळू आणि सलग:

"काम बंद. ती काल दुपारी गेली. थोरला धाकट्याला घेऊन दिवेलागणीला आला. गाडी चुकली म्हणतो. पोर आहे. कालपासून जेवला नाही. त्याला यावरून घरात कोणी कधी बोलू नये, सर्वांना सांगितले."

त्याखाली काही नव्हतं.

"परत वाच," दादा म्हणाले.

त्यांनी परत वाचलं.

"एवढंच? पुलाचं काही?"

"नाही. एवढंच."

"सर्वांना सांगितले," दादा पुटपुटले. "म्हणजे ते म्हणून गप्प होते. आणि मी..." त्यांचे खांदे हलायला लागले. दुसऱ्या टेबलावरचा वाचक वळून बघायला लागला, तेव्हा नोंदणीच्या बाईंनी त्यालाच दटावलं, "तुमचं चालू द्या हो."

रद्दीसाहेबांनी भावाच्या मनगटावर हात ठेवला. बाबांनी हे तोंडाने एकदा, फक्त एकदा, दादाला सांगितलं असतं तर शेडमध्ये भिंत उभी राहिली असती का, कोण जाणे. बाबांवर त्यांना त्या क्षणी फार माया आली आणि तितकाच रागही.

त्यानंतर दर बुधवारी दादा येत राहिले. रद्दीसाहेबांनी आपल्या विषम सालांच्या वह्याही दप्तरखान्यात दिल्या, विनाअट. बेचाळीसच्या बेचाळीस वह्या एका फळीवर लागल्या आणि दोघांनी पहिल्या सालापासून वाचायला घेतलं, एक साल एका भावाचं, पुढचं दुसऱ्याचं. दादांना एकेक ओळ ऐकून दहा गोष्टी आठवायच्या. वाचनकक्षात मोठ्याने बोलायला मनाई, म्हणून बाईंनी त्यांना मागची टिपकागदांची खोली दिली. मधूनच हसण्याचा आवाज यायचा. "हा लंगडा गडी आठवतो? हाच रे, दोर वळताना गाणं म्हणायचा आणि ओळ चुकली की पीळ चुकायचा!" चुकलेल्या अठ्ठावीस वर्षांचा विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही. ती कुठल्याच वहीत नव्हती.

दीड वर्ष झालं. तेविसावी वही अर्ध्यावर आली होती तेव्हा दादा आजारी पडले आणि तीन आठवड्यांत गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "कुठवर आलो होतो?"

"ताग महागला तिथवर."

"पुढे स्वस्त होतो," दादा म्हणाले होते.

निवृत्त झाल्यावरही रद्दीसाहेब बुधवारी दप्तरखान्यात जातात. आता खिशात जुडगा नसतो, दारातल्या वहीत नाव लिहून आत जावं लागतं. चोविसावी वही त्यांनी काही महिने मागितलीच नाही. मग एकदा वहिनी म्हणाल्या, "मी येऊ का? मला वाचता येतं, पण तुमच्या बाबांचं अक्षर लागत नाही." तेव्हा त्यांनी पुन्हा चिठ्ठी भरली. ते वाचतात, वहिनी ऐकतात. त्या लग्न करून आल्या त्या सालापर्यंत अजून पोचायचंय. एखाद्या ओळीवर रद्दीसाहेबांना काही कळत नाही. हा कोण, ही कुठली गोष्ट, कशाबद्दल हसले असतील बाबा? ते मान वर करून दादांना विचारायला जातात, आणि मग बोटाने तीच ओळ धरून पुढे वाचतात.